महाराजा सयाजीराव गायकवाड : पटावरचं मूल आणि वाचणारं मूल



जून महिना आला की आपण गावात, वस्तीवर, वीटभट्टीवर फिरतो. सहा वर्षं पूर्ण झालेली मुलं शोधतो, त्यांची नावं पटावर घेतो आणि दाखलपात्र एकही मूल बाहेर राहिलं नाही, असा अहवाल वर पाठवतो. काम मोठं आहे, त्यात शंका नाही. पण त्याच पटावरचं एखादं मूल तिसरी-चौथीत गेल्यावरही जोडाक्षरापाशी अडतं. कुणी आठवी झाल्यावर शाळा सोडतं आणि चार वर्षांनी साधा अर्ज भरून घ्यायला आपल्याकडेच येतं. अशा वेळी मनात प्रश्न येतोच. मूल शाळेत आलं, पण शाळा मुलात किती उतरली?

हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाला तो पडला होता. त्याने आपल्या राज्यातल्या मुलामुलींना कायद्याने शाळेत आणलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की काम आता कुठे सुरू झालं आहे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचं चरित्र आपण बहुतेक वेळा दानशूर राजा म्हणून सांगतो. आज ते एका शाळाव्यवस्थेची गोष्ट म्हणून वाचू या.

कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. तिथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या घरी गोपाळचा जन्म झाला. घराणं बडोद्याच्या राजघराण्याचीच एक दूरची शाखा, पण राहणी साध्या शेतकऱ्याची. गोपाळ गावातल्या इतर पोरांसारखाच वाढला. अक्षरओळख म्हणावी अशी झालेली नव्हती.

तिकडे बडोद्यात १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने गादीवरून दूर केलं. आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्यातली मुलं पाहण्यात आली आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं. बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला आणि एका मोठ्या राज्याचा धनी बनला.

इथे क्षणभर थांबा आणि शिक्षकाच्या नजरेने बघा. बारा वर्षांचं मूल, वाचता-लिहिता येत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर हे शाळाबाह्य मूल. आपल्याकडे असं मूल आलं तर वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं, असा नियम आहे. गोपाळच्या बाबतीत ते एका राजवाड्यात झालं, एवढाच फरक.

उशिरा सुरू झालेली शाळा

इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. जोडीला गणित, इतिहास, भूगोल, घोडेस्वारी, तालीम. एकट्या मुलाला कंटाळा येऊ नये म्हणून भाऊ आणि सरदारांची मुलं सोबतीला होती. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे पाठ देत. हे माधवराव मूळचे तंजावरकडचे मराठी. त्रावणकोर आणि इंदूर या संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्यात आले होते.

सहा वर्षांत हा मुलगा राज्याचे कागद स्वतः वाचून त्यावर निर्णय देण्याइतका तयार झाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही नव्हते.

पुढे आयुष्यभर सयाजीराव शिक्षणामागे लागले, त्याचं मूळ या सहा वर्षांत असावं असं मला वाटतं. उशिरा सुरुवात केलेलं मूलही शिकू शकतं, हे त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही. कवळाण्यातल्या आपल्या सवंगड्यांना हीच संधी मिळाली असती तर, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं म्हणवत नाही.

राज्य कसं होतं?

बडोदा संस्थान म्हणजे एकसंध प्रदेश नव्हता. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते. मध्येमध्ये इंग्रजांचा मुलूख किंवा दुसरी संस्थानं. राजघराणं मराठी, प्रजा बहुतांश गुजराती. त्यामुळे शाळा प्रामुख्याने गुजराती माध्यमाच्या आणि जिथे मराठी कुटुंबं होती तिथे मराठी शाळा, अशी व्यवस्था होती. राजाची भाषा एक आणि शाळेची भाषा मुलाची, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सुरुवातीला सरकारी शाळा थोड्याच होत्या आणि त्या मुख्यतः शहरांत होत्या. खेड्यांत काही ठिकाणी पंतोजी धुळाक्षरं आणि पाढे शिकवत. वाणी-ब्राह्मणांची मुलं तिथे जात. शेतकरी, मजूर, कारागीर आणि मुली या वाटेला फारशा येत नव्हत्या. अस्पृश्य आणि आदिवासी मुलांचा तर प्रश्नच नव्हता.

सयाजीरावांनी पहिल्या दहा वर्षांत शाळा वाढवल्या, शिक्षिका तयार करण्यासाठी स्त्रियांचं अध्यापन विद्यालय काढलं, अस्पृश्य मुलांसाठी आणि नवसारीकडच्या जंगलपट्टीत आदिवासी मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहं सुरू केली. १८९० मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली. एवढं करूनही एक गोष्ट त्यांना दिसत होती. शाळा उघडली म्हणून मुलं येतात असं नाही. ज्यांच्या घरात आधीपासून अक्षर आहे त्यांचीच मुलं येतात.

अमरेलीचा प्रयोग

म्हणून १८९३ मध्ये त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला. संपूर्ण राज्यात नाही. राजधानीतही नाही. काठेवाडातल्या दूरच्या अमरेली तालुक्यात. अमरेली शहर आणि आसपासची काही गावं निवडली. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली यांनी शाळेत आलंच पाहिजे, फी नाही आणि पालकाने टाळाटाळ केली तर दंड. त्या काळात मुलींनाही सक्तीत घेणं ही मोठीच गोष्ट होती.

सोपं क्षेत्र निवडून यशाचा अहवाल तयार करण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थेला होतो. इथे उलट झालं. जिथे योजना फसण्याची शक्यता जास्त, तिथेच ती आधी लावून पाहिली. नियम करताना सवलतीही ठेवल्या. शाळा घरापासून एका मैलापेक्षा लांब असेल, मूल आजारी किंवा अपंग असेल, घर त्याच्याच कमाईवर चालत असेल, तर सक्ती नाही. मग वर्षागणिक थोडी थोडी गावं वाढवत नेली. अडचणी नोंदवल्या, नियम सुधारले.

त्यातच छपन्नचा दुष्काळ आला. गुजरातेत विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडीही छप्पनचा दुष्काळ असतो, तो हाच. बडोदा राज्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. गुरं मेली, शेतं ओस पडली, रोगराई आली. अशा वेळी शाळेचं काय झालं असेल, याची कल्पना आपण कोविडची दोन वर्षं पाहिली असल्यामुळे करू शकतो. कोणत्याही दिवाणाने सल्ला दिला असता की आता शिक्षणाचा खर्च आवरा.

पण १९०६ मध्ये सयाजीरावांनी अमरेलीत तेरा वर्षं पारखलेली सक्ती आणि मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्याला लागू केलं. पुढे काही वर्षांनी वयाची मर्यादाही वाढवली.

कायदा झाला, पुढे काय?

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. खरा धडा याच्या पुढे आहे.

आकडे पाहिले तर यश डोळ्यात भरण्यासारखं होतं. १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी जवळजवळ ८० टक्के आणि मुलींपैकी जवळजवळ ४८ टक्के बडोद्यात शाळेत होते. इंग्रजी मुलखात हेच प्रमाण मुलग्यांत एकवीस-बावीस टक्के आणि मुलींत अवघं ४ टक्के होतं. प्राथमिक शिक्षणावर बडोदा माणशी साधारण साडेसहा आणे खर्च करत होतं, इंग्रज सरकार जेमतेम एक आणा. गोखल्यांचा मुद्दा सरळ होता. एका संस्थानिकाला जे जमतं ते एवढ्या मोठ्या सरकारला का जमू नये? तरीही १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

पण त्याच आकड्यांच्या आत दुसरी एक गोष्ट दडलेली होती. पटावरचं मूल रोज वर्गात असतंच असं नाही. शेतीच्या हंगामात वर्ग रिकामे व्हायचे. काही पालक मुलाला शाळेत पाठवण्यापेक्षा दंड भरणं पसंत करायचे आणि ज्याच्याकडे दंड भरायलाही पैसा नाही त्याच्यावर सक्ती म्हणजे आणखी एक ओझं व्हायचं. दंडाची रक्कम वाढत गेली, तसं विरोधकांना बोलायला साधन मिळालं. गोरगरिबांकडून दंड वसूल करणारं शिक्षण कसलं, असा त्यांचा सवाल होता आणि तो पूर्णपणे खोटा नव्हता.

मुलींच्या बाबतीत दहाव्या वर्षीच शाळा सुटायची, कारण घरात लग्नाची बोलणी सुरू व्हायची. १९०४ मध्ये सयाजीरावांनी बालविवाह प्रतिबंधक कायदा केला होता. मुलीचं वय किमान १२ आणि मुलाचं १६. आज आपल्याला हे वयही कमीच वाटतं, पण तेव्हा त्यावरही काहूर उठलं. कायदा मोडून लग्नं होत राहिली आणि लोक तिथेही दंड भरून मोकळे होत.

शिक्षकांचीही ओढाताण होती. एवढ्या शाळा एकदम वाढल्यावर तेवढे प्रशिक्षित शिक्षक आणायचे कुठून? अनेक गावांत एकच शिक्षक आणि सगळे वर्ग त्याच्यासमोर. पगार तुटपुंजा. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळा चालवणाऱ्यांना हे चित्र नव्याने समजावून सांगायला नको.

आणि सगळ्यांत मोठी अडचण शाळा सुटल्यानंतरची. चार-पाच इयत्ता शिकून मूल घरी गेलं की त्याच्या हातात पुन्हा पुस्तक येत नसे. गावात छापील कागद असा नव्हताच. काही वर्षांत ते मूल वाचायला विसरत असे. शाळेतली हजेरी झपाट्याने वाढली, पण जनगणनेत साक्षरांचा आकडा त्या वेगाने चढला नाही. सरकारने खर्च केला, शिक्षकाने घाम गाळला, मुलाने पाच वर्षं दिली आणि शेवटी सही करण्यापुरतं अक्षर उरलं.

शाळेनंतरची शाळा

इथे सयाजीरावांचं वेगळेपण दिसतं. योजना यशस्वी झाली असं जाहीर करून ते थांबले नाहीत आणि लोकच नालायक आहेत असंही त्यांनी म्हटलं नाही. शिकलेलं टिकत नसेल तर टिकवण्याची सोय केली पाहिजे, असा विचार त्यांनी केला.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. स्वतःच्या संग्रहातली सुमारे २० हजार पुस्तकं देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. त्यात स्त्रियांसाठी वेगळी सोय होती, मुलांसाठी वेगळं दालन होतं. पण राजधानीतल्या ग्रंथालयाने खेड्यातल्या मुलाला काय मिळणार? म्हणून गावोगाव ग्रंथालयं उभी करण्याची योजना आली. पद्धत अशी, की गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच प्रांताच्या स्थानिक मंडळाने घालायची आणि तेवढीच राज्याने. म्हणजे गावाचा एक वाटा, बाहेरचे दोन. गावाला फुकट काही मिळत नव्हतं, म्हणून ग्रंथालय गावाला आपलं वाटत होतं.

जिथे तेही शक्य नव्हतं तिथे फिरतं ग्रंथालय पोचायचं. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं आणि रेल्वेने पाठवून द्यायची. वाहतुकीचा खर्च राज्याचा. गावात ती पेटी बहुधा शिक्षकाच्याच ताब्यात असे. लोकांनी वाचून झालं की ती परत करायची आणि दुसरी मागवायची. आपण शाळेत वापरतो ती वाचनपेटी आठवली ना? तिची ही जुनी थोरली बहीण. ज्यांना मुळीच वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, मॅजिक लँटर्न आणि पुढे चलचित्रं दाखवणारा विभागही याच खात्यात होता.

या चळवळीत मोतीभाई अमीन यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. ते मूळचे शिक्षक. राज्याची योजना येण्याआधीपासून ते चरोतर भागात मित्रमंडळं काढून वाचनालयं चालवत होते. पुढे राज्याच्या ग्रंथालय खात्यात राहून त्यांनी हे काम खेड्यापाड्यांत नेलं. गुजरातेत आजही ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. राजाने पैसा आणि हुकूम दिला, पण गावातल्या माणसाला पुस्तकापर्यंत हाताला धरून आणलं ते एका शिक्षकाने.

जिथे हुकूम पोचला नाही

आता या गोष्टीतला सर्वांत बोचणारा भाग. तो टाळून हे चरित्र सांगू नये.

अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या तेव्हा तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. बरीच वर्षं मुसलमान शिक्षकांनी त्या शाळा सांभाळल्या. नंतर आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांनी या शाळांची आणि वसतिगृहांची जबाबदारी घेतली. मुलं शिकू लागली, पण वेगळ्या छपराखाली. आयुष्याच्या अखेरच्या दशकात सयाजीरावांचं राज्य एकत्र शाळांकडे वळलं, तेव्हाही गावोगाव विरोध झालाच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोद्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१३ मध्ये सयाजीरावांनीच त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड. अट एकच, परत आल्यावर बडोद्याची नोकरी करायची. ती अट पाळायला बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यात आले.

आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. ते कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून बाहेर काढलं गेलं. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला हा तरुण बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून राहिला आणि मग मुंबईला परतला.

ज्या राज्यात सक्तीच्या शिक्षणाला अकरा वर्षं झाली होती, त्या राज्याच्या राजधानीत हे घडलं. त्या काठीवाल्यांतले, त्या कचेरीतले कितीतरी जण शाळा शिकलेले असणार. त्यांना वाचता येत होतं. तरीही त्यांच्या शिक्षणात काहीतरी राहून गेलं होतं. आपण प्रगत शाळा, निकालाचे आलेख, श्रेणी यांबद्दल बोलतो, तेव्हा बडोद्यातली ती बाग आठवावी. राजाने शिष्यवृत्ती दिली, पण शेजाऱ्याच्या मनातली भिंत हुकमाने पडली नाही. ती पाडायचं काम वर्गातच होऊ शकतं आणि तिथे महाराज हजर नसतात, आपण असतो.

माणूस म्हणून

सयाजीराव हे देवमाणूस होते असं दाखवायची गरज नाही. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा पाहिला की एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, असं मनात येतं. वर्षानुवर्षं ते परदेशी असत, त्यावरही टीका झाली. सुधारणा वरून खाली आल्या. लोकांना विचारून क्वचितच.

घरचं सुखही त्यांना फार लाभलं नाही. पहिल्या पत्नी १८८५ मध्ये गेल्या. फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव हे तीन तरुण मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत वारले. दुसऱ्या पत्नी महाराणी चिमणाबाई मात्र कामात बरोबरीने उभ्या राहिल्या. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या आणि ती परिषद मुलींच्या शिक्षणासाठीच होती.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. ६३ वर्षं ते गादीवर होते. दहा वर्षांनी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच साली त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं.

ही वाट कुठे गेली?

अमरेलीतून निघालेली वाट पुढे चालूच राहिली. १९१७ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देण्याचं उद्दिष्ट घातलं. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अमरेली ते शिक्षणहक्क कायदा हे अंतर ११७ वर्षांचं आहे.

एक बदल मात्र महत्त्वाचा. तेव्हा सक्ती पालकावर होती, दंड पालकाला होता. आजच्या कायद्यात बंधन सरकारवर आहे. शाळा जवळ असणं, शिक्षक असणं, मूल वर्गात टिकणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. म्हणून पालकहो, गावातली शाळा बंद होणार किंवा शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी आहे असं दिसलं, तर विचारायचा हक्क तुमचा आहे. आणि शिक्षक मित्रांनो, पट पूर्ण झाला म्हणजे आपलं काम संपलं असं नाही, हेही तितकंच खरं.

वर्गात सांगताना

इयत्ता पाचवीपासून पुढे ही गोष्ट सांगता येईल. काही सूचना :

१. नकाशात कवळाणे-मालेगाव, वडोदरा आणि अमरेली शोधायला लावा. बारा वर्षांचा मुलगा केवढ्या अंतरावर गेला, ते मुलांना मोजू द्या. वर्गातली बहुतेक मुलं त्याच वयाची असतात, त्यामुळे गोष्ट लगेच भिडते.

२. मुलांना घरी विचारायला सांगा : आजी-आजोबा किती शिकले, शाळा का सुटली, आज त्यांना किती वाचता येतं? उत्तरं फळ्यावर लिहा. शिकलेलं विसरणं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मात्र कुणाच्या घरच्या उत्तराला वर्गात हसू होणार नाही, याची काळजी घ्या.

३. चर्चेसाठी प्रश्न : पालकाला दंड करावा का? मूल घरी काम करून पैसे आणत असेल तर काय करावं? बाबासाहेबांना खोली नाकारणाऱ्यांना शाळेत काय शिकवायला हवं होतं? उत्तर आपण देऊ नये, ऐकावं.

४. शाळेतली वाचनपेटी महिन्यातून एकदा गावात न्या. मंदिराच्या ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत, कुठेही. शाळा सोडून गेलेली आपलीच मुलं एखादं पुस्तक हातात घेतात का, ते बघा.

चौथी सूचना वाचून कुणी म्हणेल, एवढ्या ऑनलाइन माहित्या भरताना हे कधी करायचं? खरं आहे. वेळ नाहीच. पण एखाद्या महिन्यात करून बघा आणि दोन वर्षांपूर्वी शाळा सोडलेली एखादी मुलगी पुस्तक मागायला आली, तर तिचं नाव एका वहीत लिहून ठेवा. ती वही कुठल्याही अहवालात जाणार नाही, तरी जपून ठेवा.